क्वालचा झोलत्राक: एकाच माऱ्याची दोन नावं मराठीत कशी सांगाल? (फ्रिरेन, भाग ३)

तिसरा_मजला

दर शनिवारी रात्री जेवणं झाली की मी आणि माझी नऊ वर्षांची भाची 'फ्रिरेन' बघायला बसतो. सबटायटल तिला तेवढ्या वेगात वाचता येत नाहीत. मग मी थांबवतो, वाचतो आणि मराठीत सांगतो. पहिले दोन भाग छान पार पडले. तिसऱ्याची तयारी म्हणून काल मी तो एकट्याने पाहिला आणि अडकलो. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कानेहितो यामादा यांचं लेखन आणि त्सुकासा आबे यांची चित्रं असलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०२० मध्ये 'शोउनेन संडे' साप्ताहिकात सुरू झाली. मॅडहाउस स्टुडिओने केलेली तिची अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, २९ सप्टेंबर २०२३ ला जपानी टीव्हीवर आली, पहिले चार भाग एका रात्रीत सलग. गोष्ट सुरू होते तीच मुळी राक्षसराजाला मारून वीरांची टोळी घरी परतते तिथून. टोळीतली फ्रिरेन ही एल्फ, म्हणजे हजार वर्षांहून जास्त जगलेली. तिचे माणूस असलेले सोबती म्हातारे होतात, जातात, आणि ती त्याच वाटेने पुन्हा निघते, या वेळी फेर्न नावाच्या अनाथ शिष्येला घेऊन.

तिसऱ्या भागात ह्या दोघी एका गावाजवळ येतात. तिथे क्वाल नावाचा राक्षस ८० वर्षं दगड होऊन बंदिस्त आहे. वीरांच्या टोळीला त्याला मारणं जमलं नव्हतं, इतका तो भारी होता, म्हणून त्याला नुसतं बांधून ठेवलेलं. आता ते बंधन सुटायची वेळ जवळ आली आहे.

क्वालचं अस्त्र म्हणजे झोलत्राक. जगातली पहिली भेदक जादू. हातातून प्रकाशाचा झोत सुटतो तो समोरच्याची संरक्षक जादू फोडून, चिलखत फोडून, माणसाच्या आरपार. त्या काळी त्या प्रांतातले १०० पैकी ४० साहसी आणि जादूगारांपैकी तर १०० पैकी ७० याच एका झोताने मेले. तिचं नाव काय, तर 'माणसं मारणारी जादू'.

क्वाल जागा होतो. किती वर्षं झाली ते विचारतो. राक्षसराज मेल्याचं कळतं. मग हात उचलतो आणि झोलत्राक सोडतो. आणि फेर्न, पंधरा-सोळा वर्षांची पोर, ढाल धरून तो अडवते. अडवल्यावर तिला नवल वाटतं ते वेगळंच: ही तर साधी हल्ल्याची जादू! ती लहानपणापासून जे शिकत आली, रोज गिरवत आली, तेच हे.

कारण मधल्या काळात असं झालं, की अस्त्र इतकं भयंकर होतं म्हणूनच सगळ्या खंडातले जादूगार त्याच्या मागे लागले. त्याची फोड केली, थोड्याच वर्षांत ते माणसांच्या विद्येत घेतलं, त्यावर नवी ढाल शोधली, चिलखतंही सुधारली. आता कोणी त्याला माणसं मारणारी जादू म्हणत नाही. 'सामान्य हल्ल्याची जादू' म्हणतात.

माझा प्रश्न असा. मला दोन मराठी नावं हवीत. एक ऐकताच पोटात गोळा यावा असं, दुसरं शाळेच्या वेळापत्रकात शोभेल असं. आणि दोन्ही एकाच गोष्टीची आहेत हे नऊ वर्षांच्या मुलीला लगेच कळलं पाहिजे. 'सामान्य आक्रमण जादू' तिच्यासमोर म्हणून बघितलं मनातल्या मनात. सरकारी परिपत्रक वाटतं.

पारंबी

जपानी शिकते आहे, म्हणून एक माहिती देते, उपयोगी पडेल.

मांगात ही दोन्ही नावं वेगळ्या प्रकारे लिहिली आहेत. पहिलं नाव लिहिताना मोठ्या अक्षरात सरळ 'हितो ओ कोरोसु माहोउ' असं आहे, म्हणजे शब्दशः माणसाला मारणारी जादू, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात उच्चार दिलाय 'झोरुतोराआकु'. म्हणजे वाचणाऱ्याला अर्थ दिसतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडून नुसतं विचित्र नाव येतं. जपानीत ही सोय आहे, आपल्याकडे नाही. दुसरं नाव 'इप्पान कोउगेकि माहोउ'. 'इप्पान' म्हणजे सर्वसाधारण, सगळ्यांसाठीचं. जनरल तिकिटातलं जनरल म्हणा ना.

म्हणून माझं मत, 'झोलत्राक' हा शब्द तसाच ठेवा. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो भीतीचा शब्द. अर्थ एकदाच सांगा, पहिल्यांदा येतो तेव्हा.

दगडफूल

धागा आवडला. नावाबद्दल नंतर लिहितो, आधी ह्या माऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण 'ड्रॅगन बॉल झी'वर वाढलेली पिढी. शाळेतून येऊन दप्तर टाकून कार्टून नेटवर्क लावायचं. खलनायकाचा मारा म्हणजे माझ्या डोक्यात फ्रीझा. एक बोट वर, बोटाच्या टोकावर एक गोळा, आणि तो टाकला की अख्खा व्हेजिटा ग्रह बेचिराख. नामेकवर तर ग्रहाच्या पोटातच मारा करतो आणि पाच मिनिटांत सगळं फुटेल म्हणून सांगतो. तिथे धाक आकाराचा आहे. गोळा जेवढा मोठा, तेवढी भीती. आणि त्यावर उतारा काय, तर नायकाने त्याहून मोठं व्हायचं. केस सोनेरी होतात, ताकद पन्नासपट होते.

झोलत्राकवर उतारा म्हणून कोणी मोठं होत नाही. फेर्न क्वालपेक्षा ताकदवान नाही. तिला फक्त धडा माहीत आहे, आणि तो धडा तिच्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी लिहून ठेवलाय. सबंध ऊर्जा-माऱ्यांच्या परंपरेत हे इतकं वेगळं आहे, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन बघितला.

उंबरठा

दगडफूल, ड्रॅगन बॉलमध्येही मारा शिकून घेण्याची गोष्ट आहे की. मूळ मालिकेत म्हाताऱ्या गुरू कामेसेन्निनला कामेहामेहा हा ऊर्जेचा मारा तयार करायला ५० वर्षं लागली. तो फ्रायपॅन डोंगरावरची आग विझवायला ते वापरतो, आणि पोरगेला नायक गोकू एकदा बघून तिथल्या तिथे करून दाखवतो.

दगडफूल

बरोबर, आणि नेमका तिथेच फरक आहे. गोकू करतो ती एका अलौकिक मुलाची कमाल. बघितलं आणि जमलं. कामेसेन्निनही थक्क होतो, कारण असं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. झोलत्राकचं उलट. तो आता कुणालाही जमतो. फेर्नला तो येतो कारण तिने गिरवला. आठवा, पहिल्याच भागात जंगलात ती दरीपलीकडच्या खडकाला भोक पाडायचा सराव करते. एकटी, दिवसचे दिवस. तिला वाढवणारा हाइटर, वीरांच्या टोळीतला म्हातारा पुरोहित, आजारी आहे आणि तो जायच्या आत आपण स्वतःच्या पायावर उभं राहायचं, म्हणून. क्वालच्या अस्त्राने जितकी माणसं मेली त्यांच्या पोटी आलेला तो सराव आहे, हे तेव्हा आपल्याला माहीत नसतं. तिलाही नसतं.

कोरडा_पाऊस

मला मात्र क्वाल वाया घालवला असं वाटतं. एवढी प्रस्तावना, 'कुजकेपणाचा वृद्ध ऋषी' अशी बिरुदावली, खंडाला थरकाप आणणारा राक्षस. आणि अर्ध्या भागात खलास. लेखकाने त्याला निदान तीनचार भाग तरी द्यायला हवे होते. खलनायक मोठा नसेल तर विजयही मोठा वाटत नाही.

तिसरा_मजला

कोरडा_पाऊस, मीही पहिल्यांदा असाच चिडलो होतो. मग काल पुन्हा बघताना एका गोष्टीकडे लक्ष गेलं. त्याचा मारा अडला तेव्हा क्वाल काय करतो बघा. ओरडत नाही, 'अशक्य!' म्हणत नाही. तो ढालीकडे बघतो. गुंतागुंतीची रचना आहे हे ओळखतो, आणि क्षणभरात तिचं दुखणं शोधतो: ही ढाल फार माना, म्हणजे जादूची शक्ती, खाते. म्हणून ती सगळीकडून एकसारखी धरता येत नाही, मारा येईल तेवढ्यापुरतीच उघडतात. झालं. लगेच तो एका झोताऐवजी चहूबाजूंनी झोतांचा पाऊस पाडतो आणि फेर्न दमायला लागते.

म्हणजे खंडभरच्या जादूगारांनी खपून केलेल्या कामातली फट त्याला काही श्वासांत सापडली. मला तो झोत बघून भीती वाटली नाही, तो विचार करताना बघून वाटली. त्याला एक आठवडा मिळाला असता तर?

दगडफूल

हेच लिहायला येत होतो!

क्वाल हा मुळात संशोधक आहे. सुरीपेक्षा सुरी घडवणारा डोक्यात राहतो. फ्रिरेन हे ओळखून आहे, म्हणून ती त्याला वेळच देत नाही. फेर्नला ढाल सांभाळायला सांगते, स्वतः उडते आणि वरून त्याच्याच विद्येने त्याला संपवते. कोरडा_पाऊस यांना जे तीन भाग हवेत, ते मिळाले असते तर क्वालच जिंकला असता. त्याचं अर्ध्या भागात मरणं हे लेखकाने त्याला दिलेलं मोठेपण आहे, माझ्या मते.

दुसरं म्हणजे एकटेपण. या मालिकेतले राक्षस आयुष्यभर एकच जादू घोटतात. शेकडो वर्षं, एकच. ती त्यांची शान, त्यांची ओळख. ती ते कुणाला शिकवत नाहीत, कुणाकडून काही घेत नाहीत. माणसाचं आयुष्य तोकडं, म्हणून माणूस पुढच्याला देऊन जातो. क्वालने एकट्याने जे केलं ते कुठल्याही एका माणसाला आयुष्यात जमलं नसतं. पण ८० वर्षं तो दगडात होता आणि बाहेर तीन पिढ्या एकमेकींच्या वह्या वाचत होत्या.

लेगस्लिप

मी अ‍ॅनिमे फारसं बघत नाही, मुलगा बघतो. त्याच्याबरोबर हा भाग पाहिला होता आणि मला पहिल्यांदा आठवला तो श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज अजंता मेंडिस.

६ जुलै २००८, कराची, आशिया चषकाचा अंतिम सामना. मधल्या बोटाने टिचकी मारून सोडलेला चेंडू, कुठे वळणार कुणाला पत्ता नाही. १३ धावांत ६ बळी. पाठोपाठ श्रीलंकेतल्या कसोटी मालिकेत तीन सामन्यांत २६ बळी. समोर आपली फलंदाजी कोण होती आठवा: द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली. फिरकी खेळून मोठी झालेली माणसं यष्ट्यांसमोर चाचपडत होती. मी त्या वेळी रात्री झोपताना भिंतीवर बोटाने टिचक्या मारून बघायचो, हा कसा सोडत असेल म्हणून.

मग सगळ्यांनी त्याच्या चित्रफिती संथ गतीने बघितल्या. हात, बोटं, मनगट. २००९ च्या अखेरीस श्रीलंकेचा संघ भारतात आला तेव्हा त्या चेंडूची दहशत राहिली नव्हती. चेंडू तोच होता. बोटंही तीच.

उंबरठा

लेगस्लिप, तुलना आवडली. एक भर घालतो: हा टिचकीचा चेंडू, म्हणजे कॅरम बॉल, पुढे अश्विननेही टाकला, पण तो मेंडिसचं बघून नव्हे. चेन्नईच्या टेनिस बॉल क्रिकेटमधून तो आपल्याला मिळाल्याचं त्याने सांगितलंय. तिकडे त्याला सोडुक्कू बॉल म्हणतात, म्हणजे टिचकीचाच चेंडू. त्यामुळे मेंडिसकडून उचलला असं म्हणता येणार नाही.

लेगस्लिप

हो, ते खरं आहे. माझा मुद्दा उताऱ्यापुरता होता, उचलण्याचा नव्हता. आणि तुमच्या सांगण्यातली ती गल्ली मला जास्त भावली. एखादी गोष्ट आधीच कुठेतरी साधी म्हणून नांदत असते आणि आपल्याला ती अस्त्र म्हणून भेटते.

सौप्तिक

धाग्यात 'अस्त्र' हा शब्द दोनचारदा आलाय, म्हणून लिहावंसं वाटलं.

मराठीत आपण शस्त्र आणि अस्त्र वेगळं मानतो. शस्त्र हातात धरून चालवायचं, अस्त्र मंत्राने सोडायचं. त्या हिशेबाने झोलत्राक पक्कं अस्त्र आहे. पण महाभारतातल्या अस्त्रांशी ताडून बघितलं की काहीतरी निराळं दिसतं. तिथे अस्त्र गुरूकडून शिष्याला मिळतं, कानात, पात्रता बघून. द्रोण अर्जुनाला ब्रह्मशिर देतात ते अटी घालून. अश्वत्थाम्याला सोडता येतं, आवरता येत नाही. कारण ती अर्धी विद्या त्याच्याजवळ नाही, आणि ती ज्यांना विचारायची ते द्रोण आता जिवंत नाहीत. नारायणास्त्रावर उतारा कृष्णाला माहीत असतो: शस्त्रं खाली टाका, रथातून उतरा. तोही एकाच माणसाला माहीत. तो तिथे नसता तर पांडवांची सेना जळाली असती.

कल्पना करा, नारायणास्त्राचा उतारा सैन्यातल्या प्रत्येक पोराला तालमीतच शिकवलेला असता. झोलत्राकच्या गोष्टीत हेच झालं. कुणी पात्रता तपासली नाही. ढाल सगळ्यांना दिली. आणि ढालीबरोबर अस्त्रही दिलं, हेही खरं. याचा मला जरा त्रास होतो. उद्या हीच सामान्य जादू माणूस माणसावर चालवणार नाही कशावरून?

पारंबी

सौप्तिक, चालवतोच. पुढचे भाग पाहिलेल्यांना माहीत आहे. (स्पॉयलर: ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा.) पहिल्या श्रेणीच्या जादूगारांची परीक्षा आहे, तिथे उमेदवार एकमेकांवर सरसकट हाच मारा करतात. आणि ढाल सगळ्यांकडे असल्यामुळे आता लढाई दुसरीकडे सरकली आहे. ती षट्कोनी पाकळ्यांची ढाल जादूला उत्तम अडवते, पण दगड, माती, पाणी, बर्फ असं वजनाचं काही येऊन आदळलं तर तितकी टिकत नाही. म्हणून तिथले तरुण जादूगार जमीन उचलून फेकतात, पाणी वळवतात, बर्फाचे भाले करतात. एका राक्षसाच्या एका झोतामुळे सबंध युद्धविद्येने दिशा बदलली. मालिका हे व्याख्यान देऊन सांगत नाही. लढाया बघता बघता आपल्याच लक्षात येतं.

शिशिर_७

छोटी भर. या मालिकेतली नावं जर्मन शब्द आहेत. फ्रिरेन म्हणजे गोठणं, फेर्न म्हणजे दूर, हिमेल म्हणजे आकाश, हाइटर म्हणजे आनंदी, आयझेन म्हणजे लोखंड. आणि क्वाल म्हणजे यातना. जर्मनच्या वर्गात 'क्वाल' शब्द आला तेव्हा मला हाच राक्षस आठवला. झोलत्राक मात्र शब्दकोशात शोधून सापडत नाही.

आजोळ

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

माझ्या पणजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. मी तिला पाहिलंय, मी सात-आठ वर्षांची असेपर्यंत ती होती. तिची दोन भावंडं देवीने गेली होती. ती कधी रोगाचं नाव घ्यायची नाही. 'देवी आल्या' म्हणायची, बहुवचनात, मान देऊन, आवाज खाली करून. माझ्या आईच्या दंडावर लसीचे दोन गोल वण आहेत. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. मी त्यानंतरची. मला ती लस टोचलीच नाही.

लहानपणी मी आईच्या दंडावरच्या वणांवर बोट ठेवून विचारायचे, हे काय गं? ती म्हणायची, काही नाही, टोचलेलं. एवढंच. पणजी त्याच घरात, दोन हातांवर बसलेली असायची.

फेर्न ढाल धरते आणि म्हणते ही तर साधी जादू, तेव्हा मला माझं ते बोट आठवलं. तिला कळत नाही हा तिचा दोष नाही. तिला कळू नये म्हणूनच तर इतक्या जणांनी जीव आटवला. पण फ्रिरेन तिच्याशेजारी उभी आहे आणि फ्रिरेनला सगळं आठवतंय. त्या सत्तरांमध्ये तिच्या ओळखीचे किती असतील.

आणि हिमेल. गावातला म्हातारा सांगतो ना, वीर हिमेल दर वर्षी यायचे, बंधन नीट आहे का बघायला. राक्षसराजाला मारून आलेला माणूस, ज्याचे पुतळे गावोगाव उभे आहेत, तो दर वर्षी एका आडगावी येऊन दगडाकडे बघून जातो. म्हातारा झाला तरी. हे वाक्य ऐकलं की मला पुढचं काही वेळ दिसत नाही.

तिसरा_मजला, तुमच्या भाचीला नाव काहीही सांगा. पण म्हाताऱ्याचं हे बोलणं घाईत उरकू नका, एवढं सांगायला आले होते.

लेगस्लिप

आजोळ, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

कोरडा_पाऊस

मी माझं म्हणणं मागे घेत नाही, क्वालला आणखी वेळ मिळायला हवा होता असं अजूनही वाटतं. पण काल रात्री भाग पुन्हा पाहिला आणि या वेळी वेगळ्या माणसाकडे बघत होतो. दगडातून बाहेर आलेल्या क्वालला ८० वर्षं म्हणजे काहीच नाही. फ्रिरेनलाही खरं तर काही नाही, तिच्या हिशेबाने ती एक डुलकी. या दोघांना एकमेकांचं काळाचं माप कळतं, शेजारच्या फेर्नला कळणार नाही इतकं. तरी फ्रिरेन माणसांच्या मापाने जगायला शिकली आहे आणि क्वाल नाही. लढाईचा निकाल मला तिथे लागलेला दिसला.

दगडफूल

कोरडा_पाऊस, हे तुमचं निरीक्षण मी जपून ठेवणार.

(पुन्हा स्पॉयलर, भाग ९ आणि २६.) झोलत्राकचा माग पुढेही काढत राहा. नवव्या भागात फेर्न लुग्नर नावाच्या राक्षसाशी लढते. त्याची रक्ताची जादू देखणी, वळणावळणाची, शतकांची मेहनत घेतलेली. फेर्नकडे तोच साधा मारा, फक्त इतक्या झपाट्याने आणि इतक्या संख्येने, की त्याला स्वतःची कला दाखवायला उसंत मिळत नाही. फ्रिरेनने तिला फार काही दिलेलं नाही, मारा आणि ढाल ही दोन अक्षरं घोटून घेतली. लुग्नरला शेवटपर्यंत ते अपमानास्पद वाटतं.

आणि सव्विसाव्या भागात फ्रिरेनच्या प्रतिकृतीशी लढताना फेर्नवर असा एक मारा येतो, जो जादू आहे हेच तिला ओळखता येत नाही. कसलीही चाहूल नाही, झोत नाही, आणि ती भिंतीवर आदळते. त्या क्षणी तिला ते समजलं असेल, जे त्या जुन्या जादूगारांना पहिला झोलत्राक येताना समजलं. पोर किती वर्षांनी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घाबरते. या वेळी अनोळखी अस्त्र तिच्या गुरूच्या हातातलं आहे.

पारंबी

नावांकडे परत येऊ या का? शनिवार उद्यावर आला.

माझ्या सूचना: पहिल्यासाठी 'नरघात'. दुसऱ्यासाठी 'साधा मारा'.

सौप्तिक

'नरघात' चांगला आहे पण नऊ वर्षांच्या मुलीला अर्थ सांगावा लागेल, आणि अर्थ सांगितला की भीती जाते. 'जीवघेणी' हा शब्द तिला येत असेल. तापाला, खड्ड्याला, सगळ्याला आपण जीवघेणा म्हणतो, त्यामुळे तो बोथट झालाय ही अडचण. 'माणूसमारी' कसा वाटतो? वाघाला नरभक्षक म्हणतात तसं, एकदा माणसाची चटक लागलेलं काहीतरी.

आजोळ

दुसऱ्यासाठी 'नेहमीचा मारा' म्हणा. 'साधा' म्हटलं की कमी दर्जाचा वाटतो. 'नेहमीचा' म्हणजे घरातला. नेहमीची भाजी, नेहमीचा रस्ता.

तिसरा_मजला

मंडळी, काल रात्री भाग झाला. वृत्तांत देतो.

म्हाताऱ्याच्या तोंडी मी 'झोलत्राक' हाच शब्द ठेवला, पारंबी यांनी सांगितलं तसा. अर्थ सांगताना 'माणूसमारी' म्हणालो आणि तिने पांघरूण नाकापर्यंत ओढलं. सौप्तिक, तुमचा शब्द चालला. शंभरातले सत्तर सांगायला मी तिच्या वर्गाचं उदाहरण घेतलं, चाळीस मुलं आहेत तर त्यातली अठ्ठावीस. हे करायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण ती गप्प झाली आणि बोटांवर नावं मोजायला लागली. मी थांबवून ठेवलं, तिचं मोजून होईपर्यंत.

हिमेलचं बोलणं आजोळ यांच्या सांगण्याप्रमाणे दोनदा लावलं. दुसऱ्यांदा तिने विचारलं, 'तो एकटाच यायचा का रे मामा? बाकीचे नाही?' मला उत्तर देता आलं नाही, मालिकेत तसं काही सांगितलेलं नाही. मी तेच सांगितलं तिला.

मग क्वालने हात उचलला, फेर्नने ढाल धरली. मी म्हणालो, 'फेर्नला वाटलं, हा तर आपला नेहमीचा मारा.' एवढंच म्हणालो, पुढे काही समजावलं नाही. चार-पाच सेकंद काही नाही. मग ती उठून बसली आणि म्हणाली, 'म्हणजे तो खडक फोडत होती ना, तेव्हापासून ती हेच करत होती?'

खडकाचा भाग आम्ही दोन आठवड्यांपूर्वी पाहिला होता. मी आठवण करून दिली नव्हती.

आज सकाळी आईला पोहे करू लागताना ती आजीला क्वालची गोष्ट सांगत होती. मी बाहेरून ऐकत होतो. झोलत्राक हा शब्द आजीला म्हणता येईना, तर तिने तीनदा म्हणून घेतला.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आठव्या-नवव्या भागात आउरा नावाची राक्षसीण येते आहे, आणि तिचा तो तराजू. दोघांचा माना तोलायचा, ज्याचा हलका तो कायमचा गुलाम. त्याला काय म्हणू?

पारंबी

तराजू तराजूच राहू दे. गुलाम मात्र नको, 'ताबेदार' म्हणून बघा. आणि फ्रिरेनचं पारडं खाली जातं तो क्षण येईल तेव्हा काही बोलू नका, तिलाच बघू द्या.

सौप्तिक

'पारडं' तिला आधीच एकदा दाखवून ठेवा, घरात भाजीचा जुना काटा असेल तर.

तिसरा_मजला

आईकडे माळ्यावर आहे एक, पितळेचा. उद्या काढतो.